फॅशन शोचे मास्तर

गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आमचे मास्तर शाळेभर कान देऊन हिंडायचे. पाण्याच्या टाकीपाशी मुली हात धुवत असल्या की तिथे रेंगाळायचे, शिपाई व्हरांडा झाडत असला की त्याच्या मागे मागे जायचे, टपरीवर तर एका चहावर अर्धा तास काढायचे. कुणी काही गुणगुणतंय का, एवढंच त्यांना ऐकायचं असायचं. आदल्या दिवशी आपण बसवलेली धून दुसऱ्या दिवशी शिपायाच्या तोंडी आली, तर दुसरा एखादा संगीतशिक्षक हुरळून गेला असता. आमचे मास्तर डबा न उघडता घरी न्यायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. त्या मला सांगायच्या, "आज डबा भरलेला वापस आला. म्हणजे कुणीतरी गाणं म्हटलंच असंल."

वसमतच्या त्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवायला लागले तेव्हा मास्तर तिथे जुने होऊन गेले होते. त्यांचा संगीताचा वर्ग आणि माझा शिवणाचा वर्ग यांच्यामध्ये पत्र्याचं पार्टिशन होतं, आणि तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. माझ्या बाजूला अकरा पायमशीनं, त्यांच्या बाजूला चाळीस मुलींचं सारेगम. माझी खात्री होती की हा माणूस पहिल्याच आठवड्यात मोठ्या बाईंकडे तक्रार घेऊन जाणार. आले ते माझ्याकडेच. उंच, काटकुळे, पांढरा पायजमा, वर कडक इस्त्रीचा शर्ट, आणि पायात बाराही महिने रबरी चप्पल, कारण चामड्याची वाजते. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचं खिडकीजवळचं मशीन लंगडून राहिलं. तेल द्या त्याला."

मी तेव्हा नवीन होते आणि नाकावर राग घेऊनच फिरायचे. शिवण शिकलं कोण, मी की हे? मुद्दाम दोन दिवस तेल दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मशीनचा पट्टा तुटला, आणि पार्टिशनपलीकडे पेटी क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाली. बोलले काही नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

फॅशन शोची भानगड सुरू झाली ती एका फसलेल्या गॅदरिंगपासून. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो, हिंगोली जिल्हा व्हायला अजून अवकाश होता, पण केबल मात्र गल्लोगल्ली पोचली होती. दहावीच्या मुलींनी हट्ट धरला की गॅदरिंगला फॅशन शो पाहिजेच. मोठ्या बाईंनी तो शब्द उच्चारायलाच नकार दिला आणि पत्रिकेत 'वस्त्रदर्शन' असं छापून घेतलं. नाव काही का असेना, मुलींनी माझा जीव खाल्ला. तीन महिने आम्ही खपलो. जुन्या साड्यांचे घागरे, लुगड्याच्या काठांची जाकिटं, गोणपाटावर भरतकाम, काय काय म्हणून केलं. आणि ऐन दिवशी कुणाच्या तरी भावानं आणलेली सिनेमातल्या गाण्यांची कॅसेट लावली. झालं. मांडव गाणं म्हणायला लागला, मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, एका गाण्याला तर वन्समोअर मिळाला. गाण्याला, बरं का. माझ्या मुली एकामागून एक येऊन गेल्या, पण त्यांच्या अंगावर काय होतं हे विचारलं असतं तर सबंध मांडवात एकालाही सांगता आलं नसतं.

मी स्टेजच्या मागे ओढण्यांच्या पिना काढत बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, रडत होते. मास्तर आले, शेजारच्या बाकावर बसले आणि माझ्या हातातल्या जाकिटाचा काठ उलटून टाके पाहत राहिले.

"तुमच्या पोरींनी शिवलेलं कुणीच पाह्यलं न्हाई," ते म्हणाले. "लोक गाणं पाहून गेले. पुढच्या वर्षी गाणं मी करतो. कुणाला ऐकू येणार न्हाई असं करतो."

ऐकू येणार नाही असं गाणं करायचं तर करायचंच कशाला, हे मी त्यांना विचारलं. एकदा नाही, दहा वर्षांत पन्नासदा विचारलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. अंगण झाडलेलं असलं तर पाहुणा अंगणाबद्दल काही बोलतो का? घर छान आहे म्हणतो. झाडलेलं नसलं की मग त्याला अंगण दिसतं. मग झाडूच नका, मी म्हणायचे, वाजवूच नका. तर त्यावरही त्यांचा विचार झालेला असायचा. संगीत नसलं की लोक एकमेकांशी बोलायला लागतात आणि पोरी घाबरून पळत सुटतात. संगीत पाहिजे, बराबर पाहिजे, पण त्यानं मधे मधे करायचं नाही.

आणि खरोखरच तसं करायचे ते. एक लांब सूर, त्याच्या खाली टिचकीएवढा ठेका, आणि अधूनमधून तीनचार स्वर यायचे ते ओळख व्हायच्या आत निघून जायचे. दुसऱ्या वर्षी आमच्या 'वस्त्रदर्शना'ला कुणी शिट्टी मारली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तीन मुलींच्या आया माझ्या वर्गाच्या दारात उभ्या, त्या घागऱ्याचा घेर कसा काढला ते विचारायला. मास्तरांनी त्या दिवशी डबा तर खाल्लाच, वर माझ्या डब्यातली अर्धी भाकरीही खाल्ली.

त्यांची काम करायची रीत एखाद्या अनोळखी माणसानं पाहिली असती तर त्यानं वैद्य गाठला असता. धून करायच्या आधी ते कपडे मागून घ्यायचे, डोळे मिटायचे आणि कापड कानाशी धरून मुठीत चुरगळायचे. एकेक कापड दोनदोन मिनिटं. नायलॉन कुरकुर करतं, सुती नुसतं हुं म्हणतं, असं काहीबाही सांगायचे. रेशमी साडी असली की परत द्यायचे. म्हणायचे, हिला आपली गरज न्हाई, ही स्वतःच वाजती. मी एकदा वैतागून म्हटलं, आता हुंगून पण पाहा की. ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "हुंगलं. खळ जास्त झालीय."

आणि जास्तच झाली होती खळ, काय सांगू तुम्हाला.

रविवारी सकाळी ते बसस्टँडवर जाऊन बसायचे, माणसांचं चालणं बघायला. वहीत लिहून ठेवायचे. ती वही मी पाहिलेली आहे. 'पोतं उतरवून आलेली बाई: टाच आधी.' 'माहेरून निघालेली: पाऊल लहान, मधेच थांबते.' 'ऑफिसातली: पंजा आधी, मान पुढे.' असं पानंच्या पानं. आता परक्या बायकांच्या पायांकडे बघून वहीत लिहिणारा माणूस किती दिवस सुखरूप राहील? एकदा एका बाईनं विचारलंच, काहून पाहून राहिले हो पायाकडं, आणि तिचा नवरा बाह्या सरसावून आला. प्रकरण हातघाईवर यायचं ते कंट्रोलरनं निभावलं. पुढच्या रविवारपासून काकू सोबत यायला लागल्या. मेथीची जुडी घेऊन शेजारी बसायच्या आणि कुणी डोळे वटारले की निवडता निवडता सांगायच्या, "त्यांचं काम हाय ते, बसू द्या." इतकं सुखी जोडपं माझ्या पाहण्यात दुसरं नाही, आणि दोघं बसायचे कुठे, तर मुतारीच्या वाऱ्यावर.

त्यांचं नाव हळूहळू बाहेर गेलं. नांदेडच्या एका कॉलेजनं बोलावून घेतलं, मोठा हॉल, मोठे स्पीकर. परत आले ते सुतक पडल्यासारखे. काय झालं म्हणून विचारलं तर सांगेनात. शेवटी काकूंकडून कळलं, की तिथल्या प्राचार्यांनी भाषणात त्यांच्या संगीताची दहा मिनिटं तारीफ केली होती. "पाप झालं, बाई," मास्तर दोन दिवसांनी म्हणाले. "दुसऱ्या फेरीला तबला जास्त झाला."

मला कधी कधी त्यांचा भयंकर राग यायचा. वाटायचं, हा साधेपणा नाही, हा उलटा गर्व आहे. लोक पुढे यायला धडपडतात, हे मागे राहायला धडपडतात, पण धडपड तीच. असं मी त्यांना तोंडावर बोललेही आहे. ते पेटीचा भाता उघडून त्यातली धूळ फुंकायला लागले.

मग पुण्याच्या मॅडम आल्या.

तोवर मी शाळा सुटल्यावर शाळेच्याच जुन्या कोठीघरात आठ बायकांचा शिवण-गट चालवायला लागले होते. मॅडम कपड्यांच्या डिझायनर, तरुण, भराभर बोलणाऱ्या. कुणीतरी त्यांना आमच्या गटाबद्दल सांगितलं होतं. वसमत म्हणजे हळदीचं गाव, तेव्हा हळदीत रंगवलेलं सुती कापड आणि त्यावर गोधडीचे टाके, अशी त्यांची कल्पना. आमच्या बायकांनी लगेच सांगितलं की मॅडम, हळदीचा रंग उन्हात टिकत न्हाई. मॅडम म्हणाल्या, तेच तर सुंदर आहे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पण काम चांगलं होतं आणि मॅडमचा जीवही कामात होता. चार महिन्यांत आठ पोशाख तयार झाले, असे की माझाच हात त्यांवरून निघेना.

त्या आठ जणींत एक पंचफुला होती. तिचं एकीचं सांगितलं की सगळ्यांचं कळेल. हळदीच्या दिवसांत ती हळद शिजवायच्या कढईवर कामाला जायची. उजवा हात वाफेनं कोपरापर्यंत भाजून काळा पडलेला. हळद संपली की मिळेल ते, मिळेल तिथे. टाके मात्र असे घालायची की उलटी बाजू कोणती ते मलाही कळायचं नाही. औरंगाबादच्या एका हॉटेलात मॅडमनी हे पोशाख कापडाच्या व्यापाऱ्यांना दाखवायचं ठरवलं. व्यापाऱ्यांनी पसंत केले तर गटाला वर्षभराचं काम मिळणार होतं. म्हणजे पंचफुला पुढच्या हंगामात कढईपाशी जाणार नव्हती, मशीनवर बसणार होती. नाही केले, तर कढई होतीच.

मॅडमचं दुसरं म्हणणं असं, की भाड्याच्या मॉडेल नकोत, ज्यांनी शिवलं त्याच घालून चालतील. बायका आधी पोट धरून हसल्या, मग त्यांचे चेहरे उतरले. आणि संगीत कोण करणार, तर मी मास्तरांचं नाव सांगितलं.

मास्तरांनी आठही पोशाख कानाला लावले. आठही जणींना शाळेच्या व्हरांड्यात चालायला लावलं, चार संध्याकाळी. मग पंधरा दिवसांनी मॅडमना वाजवून दाखवलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं, आणि मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या की छान आहे, पण यात काही घडतच नाही; व्यापारी जेवून आलेले असतील, झोपतील. त्यांनी मुंबईहून एक सीडी आणली होती. लावली. कोठीघराचे पत्रे थरथरले. बायकांचे डोळे चमकले, माझेही. खरं सांगते, मला वाटलं, हे मोठ्या शहराचं काम आहे, आपल्या मास्तरांचं नाही.

मी मास्तरांना गळ घातली. थोडा ठेका वाढवा, एखादी धून अशी टाका की लोक घरी घेऊन जातील. ते कार्यक्रमांसाठी घेतलेला आपला कीबोर्ड पुसत होते.

"त्यांनी कापड घरी न्यावं, बाई. गाणं काहून नेतील?"

मी म्हटलं, मास्तर, आठ बायकांच्या पोटाचा प्रश्न आहे, इथे तुमची तऱ्हा नको. आवाज चढलाच माझा. त्यांनी कीबोर्ड झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी आले तर धून आणखी कमी करून आणलेली. होते ते तीनचार स्वरही निम्मे उडवलेले. मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

त्या दिवशी तालीम दोन्हींवर झाली. आधी सीडी. बायका टीव्हीवर बघितल्यासारखं चालायला गेल्या. कुणाचा हात पदरावर, कुणाची मान ताठ, सगळ्या जणू मागे कुत्रं लागल्यासारख्या. पंचफुला तर मधेच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, ह्याच्यात मी पाय कुठं टाकू?" मग मास्तरांनी वाजवलं. पंचफुला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला गेली, वळली, परत आली. हळदीचा तो लांब झगा तिच्या टाचेबरोबर उचलत होता आणि बसत होता, आणि त्याच्यावरचा एकेक टाका मला दिसत होता. मी तिला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "कशाचं? मी तर नुसती चालून आले."

तिथेच माझं ठरलं. मॅडमना मी सांगितलं, मास्तरच वाजवतील. मॅडम चिडल्या नाहीत, पण त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. "ठीक आहे. उद्या ऑर्डर मिळाली नाही तर या आठ जणींना ते तुम्ही सांगायचं, मी नाही." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांसारखा माझाही डबा भरलेला घरी गेला.

औरंगाबादला आम्ही एसटीनं गेलो. मास्तरांनी कीबोर्ड गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता, लेकरू घेतल्यासारखा, आणि सगळा प्रवास तसाच. माझ्या पिशवीत आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. वसमतहून निघताना मी एक शाल आणि एक नारळ घेतला होता. मॅडमच्या पत्रकावर सगळ्यांची नावं होती, शिंप्याचं, रंगाऱ्याचं, आठही बायकांची. मास्तरांनी स्वतःचं नाव काढून टाकायला लावलं होतं. मला ते सहन होईना. आमच्याकडे गल्लीतला हळदीकुंकवाचा कार्यक्रम असला तरी कुणाचा तरी सत्कार झाल्याशिवाय लोक उठत नाहीत, आणि ह्या माणसानं आयुष्यभर इतकं केलं, त्याच्या खांद्यावर एक शाल पडू नये?

हॉल गार होता, दुपारची वेळ, समोर पंचवीस-तीस व्यापारी. पहिल्या रांगेत मधोमध पिकल्या केसांचे एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, तेच महत्त्वाचे, ते हो म्हणाले की बाकीचे म्हणतात. मास्तर पडद्याआड बसले. बायका निघाल्या.

मी पडद्याच्या फटीतून बघत होते. कुणी पाय हलवत नव्हतं, कुणी मान डोलावत नव्हतं. मला वाटलं, झोपले. मग दिसलं की ते पिकल्या केसांचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकून बसलेत. पंचफुला त्यांच्यापुढून वळली तेव्हा त्यांनी नकळत हात पुढे केला, झग्याची कड बोटांत धरायला, आणि लाजून मागे घेतला. आठही जणी गेल्या, परत आल्या, एका ओळीत उभ्या राहिल्या. मास्तरांनी सूर कधी थांबवला ते मलाही कळलं नाही. टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही. मी माइक हातात घेतला, मास्तरांना पडद्याआडून ओढून बाहेर आणलं, शाल घातली, नारळ हातात दिला, आणि आपण सर्वांनी आत्ता ज्या सुंदर संगीताचा आनंद घेतला ते आमच्या मास्तरांचं, असं म्हणाले.

पहिल्या रांगेतले ते गृहस्थ शेजाऱ्याकडे वळले. त्यांना हळू बोलायचं असावं, पण वय झालेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

"संगीत होतं? मला तर काही ऐकू आलं नाही."

सगळा हॉल हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. साठीला टेकलेल्या माणसाला मी शाल पांघरून तीस लोकांपुढे हसं करायला उभं केलं होतं. मॅडमनी डोळे मिटून घेतले. ते गृहस्थही ओशाळले, उठून हात जोडून म्हणाले की माफ करा, मी खरंच कापडच बघत होतो.

मी मास्तरांकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ते स्टेजच्या पायऱ्या उतरले, रबरी चपलेचा आवाज न करता त्या गृहस्थांपुढे गेले, आपल्या हातातला नारळ त्यांच्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. गृहस्थ नारळाकडे बघतात, मास्तरांकडे बघतात. मास्तर परत आले, कीबोर्ड गोधडीत गुंडाळायला लागले.

ऑर्डर मिळाली. संध्याकाळच्या आतच मिळाली. त्या गृहस्थांनी आठही पोशाख टेबलावर पसरून टाके मोजले, पंचफुलाचा भाजलेला हात बघून हे तुम्ही केलं का म्हणून विचारलं, आणि वर्षभराचं काम दिलं. बायका बसस्टँडवर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पंचफुला रडली नाही. ती म्हणाली, "आता कढईवाल्याला न्हाई म्हणून सांगाया मीच जाणार," आणि तेवढ्यासाठी ती घाईघाईनं गाडीत चढली.

परतीच्या एसटीत मी मास्तरांच्या शेजारी बसले. माझं चुकलं म्हटलं, तुमचा अपमान करवला मी. डोळ्यांतलं पाणी थांबेना. मग त्यांनी जे सांगितलं ते काकूंनाही तोवर ठाऊक नव्हतं.

मास्तर मूळचे आमच्या हिंगोलीकडच्याच पुसेगावचे. त्यांचे वडील चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जलशात पेटी वाजवायचे. शेतमजुरी करून शिकलेली पेटी. गावात वाचता येणारी माणसं दोन की तीन. शिका, उभे राहा, हे लोकांपर्यंत पोचायचं ते त्या गाण्यांतूनच. म्हणून वडिलांचा एकच कायदा होता, शब्द ऐकू आले पाहिजेत. पेटी शब्दावर चढली तर वाजवणाऱ्याचं चुकलं.

"एका साली जलसा झाल्यावर एक म्हातारी बापाजवळ आली," मास्तर म्हणाले. "सगळं गाणं पाठ म्हणून दाखवलं तिनं, शब्द न शब्द. अन मग म्हणाली, आज पेटी आणली न्हाईस व्हय रे?"

मांडीवरच्या गोधडीचा टाका चाचपत राहिले.

"बाप मरेपर्यंत तेवढंच सांगत राहिला, बाई. आलेल्या-गेलेल्याला सांगायचा. चाळीस साल मी वाट पाहिली, मला कुणीतरी असं म्हणावं. तुमी माइक घेतला नसता तर कळलंच नसतं मला."

शाल त्यांनी काकूंना दिली. थंडीच्या दिवसांत स्टँडवर मेथी निवडताना ती त्यांच्या खांद्यावर असायची.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या धुनींची एकही कॅसेट नाही. ध्वनिमुद्रण करू द्यायचेच नाहीत. कुणी केलंच तर कॅसेट मागून घ्यायचे आणि त्यावर बातम्या भरून परत करायचे. निवृत्तीनंतर रिकाम्या दुपारी मी त्या औरंगाबादच्या कार्यक्रमातली धून आठवायचा फार प्रयत्न केला. झगे आठवतात, टाके आठवतात, व्यापाऱ्याचा पुढे आलेला हात आठवतो. धून नाही. मला त्याचं अपराधी वाटायचं. एवढा जवळचा माणूस, आणि त्याचा एक स्वर आपल्यापाशी उरू नये?

मागे एकदा नांदेडहून येताना वारंगा फाट्यावर माझी गाडी चुकली. दुसरी यायला वेळ होता, म्हणून पंचफुलाकडे गेले. तिनं तिथे रस्त्याला लागून शिवणाचं दुकान टाकलंय, दोन मशीनं, हाताखाली एक बाई. मला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि हातातलं काम टाकता येईना म्हणून तशीच कापड बेतत राहिली. बाहेर ट्रक चाललेले, हॉर्न, टपऱ्यांवरची गाणी. त्या सगळ्याच्या खाली मला काहीतरी ऐकू आलं. तीनचार स्वर. आले आणि ओळख व्हायच्या आत निघून गेले, आणि पुन्हा आले. कात्री चालत होती आणि पंचफुला गुणगुणत होती.

"काय म्हणून राहिलीस गं?" मी विचारलं.

तिनं मान वर केली. "कोण, मी? मी कुठं काय म्हणून राहिले, बाई."

आणि खरंच, तिला ठाऊक नव्हतं. तिनं पुन्हा मान खाली घातली, कापडाची घडी उलटली, कात्री लावली, आणि ते स्वर पुन्हा सुरू झाले. सांगावं असं ओठांपर्यंत आलं माझ्या. अगं, हे मास्तरांचं, म्हणून. पण एकदा तोंड पोळलं होतं. मी कप खाली ठेवला, पुढे वाकले, आणि तिच्या हातातल्या कापडाची कड बोटांत धरून बघितली.

"कापड चांगलं आहे," मी म्हटलं.